तुटलं तर?

माझ्या लग्नात वाघमारे सरांनी आम्हाला भिंतीवरची दोन घड्याळं दिली. दोन्ही एकसारखी. तोच आकार, तोच रंग, तीच सोनेरी कड. बायकोला वाटलं, दुकानदाराकडून चुकून दोन आली. तिनं भाबडेपणानं विचारलंही. सर म्हणाले, "चूक नाही वहिनी. एक बंद पडलं तर?"

दोन्ही घड्याळं आजही चालू आहेत. फक्त त्यांच्यात तीन-चार मिनिटांचा फरक पडलाय. बरोबर कुठलं, असं मी एकदा विचारलं, तर सर शांतपणे म्हणाले, "म्हणून तिसरं लागतं."

आमची कंपनी छोटी. चिंचवड स्टेशनजवळ एका इमारतीत वर ऑफिस आहे. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांना आम्ही टेलिफोनची यंत्रणा बसवून देतो आणि ती चालू ठेवतो. लोक विचारतात, "आता तारेचे फोन कोण वापरतं राव? सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे." वाघमारे सर अशा माणसाशी वाद घालत नाहीत. ते त्याला पत्र्याच्या एखाद्या शेडमध्ये मधोमध उभं करतात आणि म्हणतात, "लावा बरं आता घरी फोन." बाजूला पत्रा ठोकणारी प्रेस धाडधाड आपटत असते, मोबाइलच्या रेंजची एक काडीही नसते. माणूस आपोआप आमचं गिऱ्हाईक होतो.

कारखान्यात जाऊन फोनची आखणी करायची हे सरांचं काम. तिथल्या साहेबांनी नकाशा पसरला की सर तो आदरानं पाहतात, मान हलवतात आणि मग विचारतात, "छान आहे. हे तुटलं तर?" एका साहेबांनी अभिमानानं सांगितलं, "आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्यात." सर उठले, उन्हात गेटबाहेर गेले, रस्त्याकडेची झाकणं उचलून वाकून वाकून बघत चालत राहिले. घामानं निथळत परत आले ते हे सांगायला, की दोन्ही केबली एकाच चरातून येतात.

"पण कंपन्या वेगळ्या आहेत ना?" साहेब म्हणाले.

"जेसीबीला वाचता येत नाही, साहेब."

जेसीबी हा सरांच्या आयुष्यातला मोठा विषय. आपल्याकडे रस्ता कधी पूर्ण होत नाही, सारखा रुंदच होत असतो, त्यामुळे कुठं ना कुठं जेसीबी खणत असतोच. तो दिसला की सर स्कूटर थांबवतात. ड्रायव्हरला चहा पाजतात. "काय भाऊ, आज कुठपर्यंत?" या पट्ट्यातले बहुतेक जेसीबीवाले त्यांना ओळखतात. एकानं तर पोराच्या बारशाला बोलावलं होतं. सर गेले. झबली दोन नेली.

हे सगळं हसण्यावारी जायचं. आम्हाला कळत नव्हती ती एकच गोष्ट.

आमच्या मालकांनी ऑफिसात एक मोठा पडदा लावलाय. त्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे ठिपका. लाइन चालू तर हिरवा, बंद तर लाल. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मालक आधी तो पडदा दाखवतात आणि मग पाणी विचारतात. तर व्हायचं असं की पडदा सगळा हिरवागार असायचा आणि सरांचा मोबाइल वाजायचा. सर ऐकून घ्यायचे. "बरं. बरं. जेव तू." एवढं बोलून हेल्मेट उचलायचे. "तळवड्याला जाऊन येतो. तिथं आवाज जात नाहीये."

"सर, हिरवा आहे की!" आम्ही ओरडायचो.

"रंग दिसतो. आवाज दिसतो का?"

आणि तळवड्यात खरंच बिघाड असायचा. कंपनीची तक्रार यायच्या आत सर तिथं पोचलेले असायचे. त्यांना हे सांगतं कोण, यावर ऑफिसात बऱ्याच पैजा लागल्या. कुणी म्हणे त्यांनी स्वतःचं एक यंत्र बनवलंय. 'जेव तू' असं यंत्राला कोण म्हणतं, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

गेल्या उन्हाळ्यात चाकणला ते झालं. मोटारींच्या सीटचे सांगाडे बनवणारा एक कारखाना आमचं जुनं गिऱ्हाईक. सकाळी रस्त्याच्या कामात त्याची केबल तुटली. सरांनी हट्टानं मागच्या गेटमधून आणलेली दुसरी लाइन आपोआप सुरू झाली. पडद्यावरचा ठिपका क्षणभर लाल झाला आणि पुन्हा हिरवा. मालकांनी टाळी वाजवली. कारखान्याच्या साहेबांनी फोन करून सरांचं कौतुक केलं. आम्ही चहा मागवला.

चहा आला तेवढ्यात सरांचा मोबाइल वाजला. त्यांनी ऐकलं आणि चेहरा बदलला. "तिचं तुला ऐकू येतंय, तुझं तिला नाही? नक्की? बरं." कप तसाच ठेवून ते निघाले. दुसरी लाइन चालू होती, पण एकाच बाजूनं. कारखान्यातला आवाज बाहेर जात होता, बाहेरचा आत येत नव्हता. आत बसलेल्यांना वाटत होतं, समोरचाच बोलत नाहीये.

सरांनी तिथं पोचून ते दुरुस्त केलं. त्यानंतर थोड्याच वेळात प्रेसमध्ये एका कामगाराचा हात सापडला. तिथल्या रिसेप्शनवर बसणारी शुभांगी नावाची मुलगी आहे, तिनं हॉस्पिटलला फोन लावला. ॲम्ब्युलन्स चाकण चौकातल्या गर्दीत अडकलेली. ती येईपर्यंत डॉक्टर फोनवर सांगत होते, कुठं दाबून धरायचं, काय घट्ट बांधायचं, हात किती वर ठेवायचा. शुभांगी एकेक शब्द मोठ्यानं म्हणत होती आणि सर खाली बसून तसं करत होते.

हे मला सरांनीच फोनवर सांगितलं, तेही दोन वाक्यांत. त्यांना केबल जोडून होईपर्यंत तिथंच थांबायचं होतं. "एक काम कराल का? आईच्या दुपारच्या गोळ्या संपल्यात. घरी नेऊन द्याल? दार लोटलेलं असेल. आणि फोन वाजला तर तुम्ही उचलू नका. तिला घेऊ द्या."

सर राहतात संत तुकाराम नगरात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. घरात दोघंच, ते आणि त्यांची आई. मी कधी गेलो नव्हतो. दार ढकललं तर समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खुर्चीत आजी. इस्त्रीची सुती साडी, चापूनचोपून घातलेला अंबाडा, बाजूला वॉकर. समोर स्टुलावर मोठ्या आकड्यांचा फोन.

"कंपनीतनं आलास व्हय? बस. सुधाकर जेवला का?"

सरांबद्दल मी उत्तर देणार तोच फोन वाजला. आजींनी हातानंच मला गप्प केलं, घसा साफ केला आणि रिसीव्हर उचलला.

"हां, बोल गं. येतंय ऐकू. माझं येतंय का? दाढ ऱ्हायली का दुखायची? लवंग धर म्हणलं तर धरत न्हाईस. बरं, ठेव, तुझे साहेब वरडतील."

"तळवड्याच्या कंपनीत फोनवर बसती ती पोर," त्या मला म्हणाल्या. "जीव लावती."

पाठोपाठ भोसरीच्या मुलीचा फोन आला. तिच्या नणंदेचं लग्न ठरत होतं, त्यावर थोडा विचारविनिमय झाला. मी गोळ्या हातात धरून तसाच बसून राहिलो. आमच्या ऑफिसात ज्याच्यावर पैजा लागल्या होत्या ते यंत्र अंबाडा घालून माझ्यासमोर बसलं होतं.

मग शुभांगीचा फोन आला. या वेळी आजी बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. पलीकडून रडण्याचा आवाज मलाही येत होता.

"हात वाचला म्हणत्यात ना? मग? रडून घे. पर आधी पानी पी. मी हाय हितंच, ठेवू नकोस." त्या थांबल्या. पलीकडची मुलगी बहुतेक पाणी प्यायला गेली असावी. आजी रिसीव्हर कानाला लावून तेवढा वेळ भिंतीकडे बघत बसल्या. "आली का? हां. आता घरी जाताना एकटी जाऊ नकोस."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आजी, हे रोज?"

"रोज. लायनी तपासायच्या असत्यात. सुधाकरनं समद्या कंपन्यांना येळ वाटून दिलीया. ज्या पोरीचा फोन येत न्हाई, न्हाईतर आवाज फाटका येतो, ती मी त्याला कळवते. नऊला आवरून बसते बघ मी. ड्युटी हाय."

मग त्यांनी आवाज खाली आणला, जणू सर आतल्या खोलीत असावेत.

"माझं मांडीचं हाड मोडलं, तवापासनं जिना उतरले न्हाई. ह्यो सकाळी जायचा, अंधार पडता यायचा. दिसभर मी भिताडाशी बोलायची. एकदा ह्यानं ऐकलं. आठ दिसानं म्हनला, आई, माझं अडलंय, लायनी तपासाया माणूस पायजे, करशील का? आता लाईन तपासाया एक हॅलो पुरतं, बाळा. त्याला दाढ आन् नणंद कशाला लागती? मला कळत न्हाई व्हय?" त्या हसल्या. "पर त्याला नको सांगू. त्याला वाटतंय, मी फसले."

मी पाणी दिलं, गोळ्या दिल्या आणि निघालो. जिना उतरताना वर पुन्हा घंटी वाजली.

सर ऑफिसात आले तेव्हा सगळे घरी गेले होते, मीच काय तो थांबलो होतो. शर्टावर चाकणची धूळ, बाहीवर सुकलेल्या रक्ताचा डाग. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही.

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"फोन येत होते?"

"सारखे. शुभांगीचाही आला."

त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि खुर्चीवर बसले. "आवाज कसा होता?"

"एकदम स्वच्छ, सर. दोन्ही बाजूंनी."

"लाइनचा नाही हो," सर म्हणाले. "आईचा."

"खणखणीत," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. मग हेल्मेट उचलून ते घरी निघाले.