एका बनियनचा लॉट

जयश्रीनं नवऱ्याचा फॉर्म मुद्दाम चुकीचा भरला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं जे झालं त्याचं खापर सगळेजण तिच्या भावाच्या, दगाच्या, डोक्यावर फोडतात. त्याचा दोष आहेच, पण तो नंतरचा.

तिचा नवरा कुंदन सुरतेजवळ भेस्तानला राहणारा, इच्छापोरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याला ट्रायथलॉनचं वेड लागलं. आधी तळ्यात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं कुणी पाठीमागे न लागता, आपल्याच हौसेनं. वर्षभर तो पहाटे चारला घराबाहेर पडत होता आणि संध्याकाळी जेवताना ताटावरच पेंगत होता. मराठी शाळेत शिकवणाऱ्या जयश्रीला नवरा दिसायचा तो एकतर पाठमोरा, नाहीतर झोपलेला. तो घरात असतानाच तिला त्याची आठवण यायची. आता हे कुणाला सांगणार? लोक हसतील.

वेबसाइटवर दोन शर्यती होत्या. एक वलसाडच्या बाजूची, समुद्राकाठानं एकच मोठा वळसा मारून परत येण्याची. दुसरी सुरतेतली, फेऱ्यांची. त्याच रस्त्यावर सायकलच्या सहा आणि पळण्याच्या पाच.

"आपल्याला वळशाचीच भर," कुंदन म्हणाला. "एकदा निघालो की निघालो. तेच झाड पुन्हा नको, तीच टपरी पुन्हा नको. वीस वर्षं भेस्तान-इच्छापोर फेऱ्याच मारतोय ना मी."

शाळेचे शिष्यवृत्तीचे सगळे फॉर्म जयश्रीच भरते, म्हणून हाही तिच्याकडे आला. तिनं विचार केला, वळशाच्या शर्यतीत हे सकाळी जाणार आणि दुपारी उगवणार. म्हणजे रोजचंच. फेऱ्यांच्या शर्यतीत अकरा वेळा समोरून येतील. अकरा वेळा, आणि तेही जागे. तिनं फेऱ्यांवर बोट दाबलं.

"चुकून झालं हो," ती नंतर म्हणाली. "आता बदलता येत नाही म्हणे."

"घाण्याचा बैल केलास माझा," कुंदन म्हणाला आणि चार दिवस नीट बोलला नाही. तसा एरवीही कुठं बोलत होता म्हणा.

मग जयश्रीनं अशा एका शर्यतीचा व्हिडिओ पाहिला. सगळ्यांच्या डोक्याला हेल्मेट, डोळ्याला काळे चष्मे, अंगाला चिकटलेले कपडे. यात आपला कोणता, हे कसं कळणार? तिनं दगाला फोन लावला. दगा कापडाच्या छपाईच्या मिलमध्ये मास्तर, म्हणजे रंग-छपाईवर देखरेख करणारा.

"दगा, एका बनियनपुरतं ताणलं जाणारं कापड छापून दे. लांबूनही डोळ्यात भरेल असं."

"भरेल ना, ताई. आंधळ्यालाही दिसेल."

बनियन आलं. पोपटी रंग, त्यावर गुलाबी कोयऱ्या. कुंदननं ते पाहून एक सुस्कारा सोडला आणि बॅगेत ठेवलं.

शर्यतीच्या दिवशी दगाचा टेम्पो भरून नऊ माणसं वळणावर येऊन उभी राहिली. सासूबाई धुरपदाबाई खुर्चीवर, दगा डफ घेऊन, आणि जयश्री औक्षणाचं ताट घेऊन. सायकली दिसू लागल्या. लांबून पोपटी ठिपका आला. दगानं डफावर थाप मारली, सगळे ओरडले, जयश्रीनं ताट उंच धरलं. सायकल सर्रकन गेली. तिच्यामागून दुसरा पोपटी आला. मग तिसरा. मग एकदम चार.

"हाऊ बी आपला कुंदन नही शे," धुरपदाबाई प्रत्येकाला नकारार्थी मान हलवत म्हणाल्या.

जयश्री भावाकडे वळली. "दगा, हे काय आहे?"

"ताई, सुरतमध्ये एक नग कोणी छापतं का?" दगा अभिमानानं म्हणाला. "कमीत कमी लॉट लागतो. उरलेलं वाया का घालवा? भावजींच्या सरावाच्या ग्रुपला सगळ्यांना शिवून दिली. बावीस बनियनं. किती खूश झाले लोक."

बावीस माणसं, सहा फेऱ्या. जयश्री प्रत्येक पोपटीला हात करायची आणि आपल्यासाठी कुणीतरी ओरडतंय म्हणून प्रत्येक पोपटी खुशीत हात वर करायचा. त्यातला एक हात कुंदनचा होता. पण कोणता, ते देवालाच ठाऊक.

पळण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या तशी तिला जरा आशा वाटली. माणूस कितीही पळाला तरी सायकलपेक्षा हळूच. पहिला पोपटी जवळ येताच तिनं त्याला अडवलं, कुंकू लावलं, ओवाळलं, तोंडात गूळ-शेंगदाणे कोंबले. माणसानं चष्मा काढला.

"बेन, हुं तो अडाजणनो किरीट," तो हात जोडून म्हणाला आणि तसाच पुढं पळाला.

किरीटभाईनं पुढं जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक. दुसऱ्या फेरीला पाच पोपटी आपणहून थांबले, कपाळं पुढं करून. तिसऱ्या फेरीला इतर रंगाचेही आले. आयोजकांनीच सोय केली असावी असं वाटून रांग लागली. पाहुण्याला कपाळ रिकामं ठेवून कसं पाठवायचं? जयश्री ओवाळत राहिली, दगा डफ वाजवत राहिला आणि पलीकडच्या कडेनं कोण हाक मारून गेलं ते कुणाला ऐकू आलं नाही.

दुपारी अडीचला वेळ संपल्याचा भोंगा वाजला. रस्ता रिकामा झाला. नातेवाईक टेम्पोच्या सावलीत जाऊन बसले. जयश्री ताट धरून तिथंच उभी राहिली. वर्षभर तिनं या एका दिवसाची वाट पाहिली होती. खोटं बोलली, नवऱ्याचं मन मोडलं, आणि अकरा वेळांतून एकदाही तो तिला दिसला नाही. तिला रडू आलं. दगाला दिसू नये म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात वळणावर एक पोपटी दिसला. एकटाच. लंगडत, जवळजवळ चालतच येत होता. मागून स्वयंसेवक स्कूटरवर हळूहळू येत होता.

"साहेब, कितीदा सांगू? मघाशी उजवीकडे फिनिशच्या फाटकात वळला असता तर मेडल होतं," तो म्हणत होता. "दहा मिनिटं शिल्लक होती. आता नाव निकालातही येणार नाही."

कुंदन जयश्रीसमोर येऊन थांबला. गुडघ्यांवर हात टेकले, मग सरळ झाला.

"पाचच फेऱ्या होत्या ना पळायच्या?" ती म्हणाली.

"पाच झाल्या. पाचही वेळा मी तुला पाहिलं. दर वेळी तू दुसऱ्यालाच ओवाळत होतीस."

"मग ही?"

"ही जास्तीची." त्यानं चष्मा काढला, टोपी काढली. "आता रस्त्यावर दुसरा कुणी पोपटी नाही."

जयश्रीनं ताटात पाहिलं. "कुंकू संपलं हो," ती कशीबशी म्हणाली.

"मग नुसती बघ," कुंदन म्हणाला.

स्वयंसेवकानं स्कूटर बंद केली, आणि जयश्री बघत राहिली.