पानात उमटलेली किल्ली

ओलसर चामड्यावर नख टेकवलं तर चंद्रकोरीसारखी बारीक खूण उठते आणि चामडं वाळलं की ती कायमची होते. चामड्यावरच्या कोरीवकामाचं सगळं शास्त्र या एका गुणावर उभं आहे. चामडं किती ओलं हवं, हे आमच्या वर्गातले बाकीचे लोक ते गालाला लावून ठरवतात. मी वजन करून ठरवते. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या बाईचं चामडं बिघडत नाही, असं मी मास्तरांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

मास्तर म्हणजे आम्हाला चामड्याच्या बॅगा करायला शिकवणारे. विधुर, मितभाषी आणि इतके भारदस्त, की ते बसले की खुर्चीच बोलते.

सध्या मी करत होते ती बॅग आत्यासाठी होती. ती हातात देताना तिला सांगायचं होतं, की मला बाहेरगावी वरची जागा मिळाली आहे. होकार कळवायची मुदत मी दोनदा वाढवून घेतली होती. आईवडिलांमागे मला वाढवणाऱ्या आत्याला एकटं टाकून जायचं कसं? बॅग पुरी झाली की बोलू, असं ठरवलं आणि झाकणावर कोरलेल्या वेलीला एकेक पान वाढवत गेले. वेल आता झाकण ओलांडून मागच्या बाजूला उतरायच्या बेतात होती.

रविवारी सकाळी एक मोठं पान कोरायला घेतलं. फिरत्या सुरीने कडेची रेघ कापायची, मग रेघेबाहेरचा भाग ठशाने ठोकून खाली बसवायचा, की पान आपसूक वर उठतं. रेघ कापून झाली आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. झाकण खुर्चीवर ठेवून मी धावले. तेवढ्यात मास्तर आले. माझं काम बघायला ते हल्ली बरेचदा येत. आत्याने दार उघडलं, मास्तर बसले. कशावर, ते सांगायला नको.

मी परतले तेव्हा ते झाकण हातात धरून उभे होते. "पोत वेगळा आलाय," एवढंच म्हणाले आणि घाईने निघून गेले.

पोत त्यांच्या पँटचा होता. त्याच्या मधोमध, पानाच्या शिरेसारखी, मागच्या खिशातली किल्ली उमटली होती, दात्यांसकट. ती ओळखीची वाटली. मी आमच्या घराची किल्ली काढून त्या खाचेत ठेवली. चपखल बसली! प्रयोगशाळेत याहून कमी पुराव्यावर आम्ही अख्ख्या विहिरी नापास केल्या आहेत.

आत्याला सांगितलं असतं तर तिने हाय खाल्ली असती. दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडताच मी रजा टाकली आणि दाराचं कुलूप बदलून घेतलं. जुन्यात काय बिघाड आहे, असं कुलूपवाल्याने विचारलं. बिघाड कुलपात नाही, माणसात आहे, असं मी त्याला सांगितलं. मग ठसे ठोकायची लाकडी मोगरी घेऊन दाराआड बसले. मी घरी नसते तेव्हाच चोर येत असणार, असा माझा तर्क होता. तर्क बरोबर निघाला.

दुपारी कुलपात किल्ली खुडबुडली. फिरेना. पुन्हा खुडबुडली. मी मोगरी उगारली. तोच जिन्यातून आत्याचा आवाज आला.

"अहो, जरा वर उचलून फिरवा ना. रोज काय सांगायचं?"

माझा हात वरच राहिला. चारचौघांत आत्या त्यांना 'मास्तर' म्हणायची. हे 'अहो' मात्र कापून, ठोकून, वाळून पक्कं झालेलं होतं.

मी दार उघडलं. मास्तरांनी आधी मोगरीकडे पाहिलं आणि हातातली भाजीची पिशवी ढालीसारखी पुढे धरली. आत्या दोन पायऱ्या खाली कठड्याला धरून उभी. कुलूप का बदललं, ते मला सांगावंच लागलं. मास्तरांना हसू आलं, पण आत्याचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. मग बाकीचं सगळं जिन्यातच बाहेर आलं. लग्न करायचं दोघांचं केव्हाच ठरलं होतं. मला सांगायचं मात्र आत्या उद्यावर ढकलत होती.

"का पण?" मी विचारलं.

"का म्हणजे? तुला एकटीला टाकून जाऊ कशी? घरात काय चाललंय याचा तुला पत्ता नसतो. चार दिवसांत उपाशी मरशील."

"आम्ही म्हटलं," मास्तर पायऱ्यांकडे बघत म्हणाले, "तुमचं कुठे बस्तान बसेपर्यंत थांबावं."

कित्येक महिने मी मनात जे भाषण घोकत होते, त्यात 'तुझी काळजी' हे शब्द जागोजागी होते. ते सगळे गाळल्यावर फारच थोडं उरलं.

"आत्या, मला बाहेरगावी नोकरी मिळालीय," मी म्हटलं. "मी जातेय."