अकरा मण्यांचो आडाळो

आमच्या कुंदाने यंदा चतुर्थीला भटजींकडून तीर्थ घेतले ते निळे रबरी हातमोजे घालून. भटजी पळी धरून थांबले. म्हणाले, "गो बाय, ते मोजे काढ आधी."

"हात काढून ठेवतंय भटानू, मोजे नाय."

तीर्थ मोज्यावर पडले, मोज्यावरूनच तोंडात गेले.

कुंदा माझ्या थोरल्या भावाची मुलगी. वय सत्तेचाळीस. लग्न केले नाही. पुण्याला एका मोठ्या प्रयोगशाळेत काम करते. वर्षातून दोनदा आचऱ्याला येते, आणि आल्या दिवसापासून घरभर एकच सूर, "हात लाव नकात!" तिच्या डब्याला, वहीला, चष्म्याला, कशालाच हात लावायचा नाही. घरी मोजे कशाला, विचारले तर म्हणते, सवय मोडली की पुण्यात चूक होते.

मी तिसरीतून शाळा सोडली. आडाळे करतो. आडाळो म्हणजे घाटावरची विळी. खाली फणसाचा पाट, वर वाकडे पाते. मिठबावपासून मसुऱ्यापर्यंत माझे आडाळे आहेत, आणि पाट हलतो म्हणून अजून एकही बाई माझ्या दारात आलेली नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

कुंदाचे काम गावात कोणाला कळत नाही. मला कळते. आपल्या अंगात आरएनए नावाचा बारीक धागा असतो, त्यावर निरोप असतात. निरोपाचे काम झाले की धागा कापून टाकायची सोयही अंगातच असते. त्या कापणाऱ्याला एन्झाइम म्हणतात. काही रोगांचे विषाणूही आपले निरोप अशाच धाग्यावर लिहून आणतात. तर असा धागा कापणारे एन्झाइम कुंदा आपल्या हाताने बनवते. एन्झाइम म्हणजे बारीक मण्यांची माळच. देवाने केले त्याला शंभरावर मणी लागले. हिचा हट्ट, अकरात करीन. एवढ्या छोट्या माळेला पेप्टाइड म्हणतात.

मी म्हटले, "म्हणजे कात्री."

"कात्री न्हय, भाईकाका. आडाळो. बांगडो कापलो, बाजूक केलो, दुसरो घेतलो. आडाळो आपलो तसोच. माझा पेप्टाइड तसाच रवाक व्हया."

तेव्हापासून मला ती आमच्या धंद्यातलीच वाटते.

मणी ओवायची तिची तऱ्हाही ऐकण्यासारखी. पहिला मणी एका बारीक गोळीला बांधायचा. प्रत्येक मण्याच्या डोक्यावर टोपी असते. टोपी काढायची, पुढला मणी जोडायचा, धुवायचे. परत टोपी काढायची, परत जोडायचा, परत धुवायचे. हे ऐकून तिची आई, आमची वयनी, म्हणाली, "एवढा शिकान शेवटी माळच ओवतंस मां? मगे गळ्यात घालूक येयत अशी तरी ओव!"

"ही माळ डोळ्यांक दिसणा नाय, आये."

"तुझ्या सगळ्या माळांचा तसाच गो!"

मध्यंतरी तिचे काम अडले होते. धागा धरणारा मणी होता, कापणारे दोन होते, पण माळ सरळ, त्यामुळे ते एकमेकांसमोर येतच नव्हते. पडवीत मी पाट तासत होतो, ती बाजूला बसून हे सांगत होती. मी म्हटले, "सरळ पात्यार बांगडो कापतलंस कसो? पात्याक वाक व्हयो." कुंदाने हातातला कप खाली ठेवला. चहा निवला. मग वही उघडून काहीतरी लिहिले. आता त्या माळेत मधोमध एक वाकणारा मणी आहे. कागदोपत्री माझे नाव नाही, पण तो मणी माझा आहे.

तिचे दुसरे खूळ म्हणजे रिकामी नळी. प्रयोगात एका नळीत सगळे घालायचे, फक्त तिचे मणी नाहीत. त्या नळीत धागा अखंड राहिला तरच बाकीच्या नळ्यांतले कापणे मण्यांचे. प्रयोगात ठीक आहे, पण ही बाई बांगड्याचे तिखले, म्हणजे झणझणीत कालवणही दोन टोपांत करते, एक तिरफळाच्या मसाल्याशिवाय. शेजारच्या दाजीने एकदा सांगितले की औषधी मुळ्यांच्या तेलाने त्याचे ढोपर बरे झाले.

"दाजीनू, दुसऱ्या ढोपराक काय लावलास?"

"दोनय ढोपरांक ताच लावलंय."

"मगे रिकामी नळी खंय?"

दाजी हल्ली एकाच ढोपराला तेल लावतो, आणि कुंदा दिसली की दुसऱ्या पायाने लंगडतो.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी डोळ्यांच्या कामासाठी मी पुण्याला तिच्याकडे राहिलो. तिने मला प्रयोगशाळा दाखवली. टेबलावर नळ्यांची रांग होती. "हात लाव नकात," म्हणाली आणि कोणी बोलावले म्हणून बाहेर गेली.

माझ्या खिशात गावच्या देवाचा अंगारा होता. मोठ्या कामाच्या आधी अंगारा लावायचा ही आमची रीत. पाटाला पहिली पाचर मारतानाही मी लावतो. टेबलावर स्वच्छ पाण्याची बाटली होती. म्हटले, नळ्यांना हात लावायचा नाही, पाण्याला कोण नको म्हणाले? बूच काढले, नखावर मावेल एवढा अंगारा सोडला, बोटाने ढवळला, बूच लावले. तीर्थ झाले.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या नळ्या त्याच पाण्याने भरल्या.

त्या नळ्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे चित्र निघते. धागा अखंड असला तर पट्टी वर राहते, तुटला तर तुकडे खाली धावतात. सगळ्या नळ्यांचे तुकडे खाली. रिकाम्या नळीचेसुद्धा. म्हणजे कापणारे मणी नव्हते, दुसरेच काही होते. माणसाच्या बोटावर धागा कापणारे देवाचे एन्झाइम असतेच, तिनेच मला सांगितले. म्हणून ते मोजे. हे मला त्या दिवशी कळले.

आठवड्यावर वरिष्ठांची बैठक होती. तिथे मणी कापतात असे दाखवता आले नाही, तर तिचे टेबल दुसऱ्याला जाणार होते. बरोबरच्या एका साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, "मॅडम, शेवटची पट्टी दाखवूच नका. बाकी चित्र सुरेख आहे."

कुंदा म्हणाली, "रिकामी नळी लपवायची, तर मग मी इतकी वर्षं ओवलं काय?"

फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितले. "भाईकाका, तुमी खंय हात लावलास?"

"मी? छे!" मी म्हटले. आयुष्यात पाट हलू दिला नाही, आणि तिथे माझीच जीभ हलली.

तिने परत विचारले नाही. बैठकीत ते चित्र सगळ्या पट्ट्यांसकट दाखवले आणि सांगितले, काही सिद्ध झालेले नाही. अर्धे टेबल गेले. उरलेल्या अर्ध्यावर तिने पहिल्या मण्यापासून परत ओवायला घेतले.

यंदा चतुर्थीला आली ती नवे चित्र घेऊन. मण्यांच्या नळ्यांत तुकडे खाली, रिकाम्या नळीत पट्टी वर, सरळ, माझ्या पाटासारखी. "दिवसभर कापता, आणि आडाळो तसोच," म्हणाली. मी ते चित्र दाजीला दाखवले, भटजींना दाखवले, मासे घेऊन आलेल्या बाईलाही दाखवले. वाकणारा मणी कुठे बसतो ते बोटाने दाखवले.

पण खरे सांगायचे राहिलेच होते. पडवीत दोघेच होतो तेव्हा म्हटले, "कुंदा, तो गेल्या वर्षी... त्या पाण्यात अंगारो मी घातलंय."

"माका म्हायत आसा. बाटलेच्या बुडाक दिसलो."

"मगे बैठकीत सांगलंस कित्या नाय?"

तिने वही उघडून त्या दिवसाचे पान पुढे केले. तिच्या अक्षरात होते, 'पाण्याला उघडा हात लागला. चूक माझी.'

"चूक तुझी कशी गो?"

"घरातल्या माणसाचो हात तो. परको थोडोच?" मग जरा थांबून म्हणाली, "थंयसर सगळी माका मॅडम म्हणतत. माझ्यासाठी देवाक सांगणारा कोण आसा?"

मी पाट तासायला घेतला. डोळ्यांचे काम झाल्यापासून भुसा उडाला की त्रास होतो.

जाताना तिने फोनवर आपल्या अर्ध्या टेबलाचा फोटो दाखवला. वरच्या फळीवर तीच बाटली, बुडाला राखेची रेघ. पाणी तिने फेकलेले नाही. बाटलीवर कागद चिकटवला आहे. पुण्यात तो कोणाला धड वाचता येत नसेल, पण मला चष्म्याशिवाय वाचता आला. 'भाईकाकांचा तीर्थ. हात लाव नकात.'