अस्वलपेटीची तपासणी

पाच दिवस हेडक्लार्कसाहेबांनी बायकोला आणि सासूबाईंना डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात असं काही पळवलं, की सासूबाई झोपेतसुद्धा "आले, आले" म्हणायला लागल्या. साहेबांचं सगळं लेखी असे. सूर्योदय पाच पंचावन्न. धबधबा सात दहा (मुक्काम वीस मिनिटं). हिमशिखर पावणेपाच ते पाच. धबधब्यापाशी सासूबाई दगडावर जरा टेकल्या, तर साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "आई, बसणं यादीत नाही."

शेवटच्या दिवशी सकाळी बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "आज मी काही बघणार नाही. मागच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून झोपणार आहे. बस चारला आहे ना? तोवर मला कोणी उठवलं, तर पुढच्या सुट्टीला मी आणि आई दोघीच जाऊ."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच साहेब घाबरले. बावीस वर्षांच्या संसारात हा बिनरागाचा आवाज त्यांनी दोनदाच ऐकला होता, आणि दोन्ही वेळा त्यांचं अंथरूण हॉलमध्ये गेलं होतं.

"शब्द दिला," ते म्हणाले.

दोघी मागे गेल्या आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या (सासूबाई वरच्या पट्टीत). साहेब पुढच्या पायरीवर बसले. विश्रांती घेतली. ती सतरा मिनिटांत संपली. आता काय करायचं? तेव्हा त्यांनी एक लहानसा निर्णय घेतला, की उरलेला पाव आणि बिस्किटं आत्ताच काढून बॅगेत भरावीत. तेवढंच काम उरकेल.

खाण्याच्या वासाने अस्वलं येऊ नयेत म्हणून तिथे प्रत्येक कॉटेजपुढे खाणं ठेवायला एक हिरवी लोखंडी पेटी जमिनीत पक्की बसवलेली होती. झाकणावर एक लोखंडी टोप. त्याच्याखाली हात घालून आतला खटका दाबायचा. अस्वलाचा पंजा त्यात मावत नाही. साहेबांचा हात मावला. निघाला मात्र नाही. घड्याळाचा धातूचा पट्टा आत कुठेतरी अडकून बसला होता.

साहेबांनी हात ओढला, फिरवला, त्याला चुचकारलं. मग "अगं" अशी हाक मारली, पण इतक्या हळू, की ती त्यांची त्यांनाही नीटशी ऐकू आली नाही. पाच दिवसांत बायको पहिल्यांदा धड झोपली होती. साहेब ओठ मिटून उभे राहिले. घड्याळच आत असल्यामुळे किती वाजले तेही कळेना. समोर हिमशिखर होतं. त्यावरून एक ढगाची सावली सावकाश, अगदी सरकारी चालीने, सरकत होती. अरेच्चा, हे शिखर जागच्या जागी इतकं बदलतं? परवा पंधरा मिनिटांत हे काही दिसलं नव्हतं.

तेवढ्यात दुर्बीण लटकवलेलं एक जोडपं आलं. साहेबांची खाकी अर्धी पॅंट आणि रुंद टोपी बघून नवऱ्याने अदबीने विचारलं, "साहेब, इथे अस्वलं येतात का हो?"

"येतात," साहेब म्हणाले. 'साहेब' म्हटल्यावर त्यांना गप्प राहता येत नसे.

"आणि तुम्ही ही पेटी धरून का उभे आहात?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बावीस वर्षं खुर्चीत काढलेला माणूस असं वाक्य बोलत नाही. "तपासणी चालू आहे."

"कसली?"

"पकडीची."

जोडप्याने माना डोलावल्या. त्यांचं बघून एक निवृत्त मास्तर थांबले, त्यांनी वही काढली. वही बघून आणखी सहा-सात जण थांबले.

"पकड कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"उत्तम," साहेब कळवळून म्हणाले.

"अस्वल समोर आलं तर काय करावं?"

"जागचं हलू नये."

"आपण पळालो तर?"

"पळणारा माणूस भित्रा असतो. माझ्याकडे बघा. मी हलतोय का?"

मास्तरांनी 'हलत नाहीत' असं लिहून घेतलं. आणि त्याच वेळी मागची झुडपं सळसळली. काहीतरी मोठं, तपकिरी पुढे सरकलं.

"अस्वल!" मास्तर ओरडले आणि वहीसकट पळाले. त्यांच्यामागे सगळा वर्ग पळाला. साहेबही पळाले, पण हाताच्या लांबीइतकेच. मग डोळे मिटून त्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी हाक मारली, "अगंऽऽऽ!"

झुडपातून तपकिरी गणवेशातली वनरक्षक बाई बाहेर आली. हातात कचऱ्याचं पोतं. तिने साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं. "तपासणी झाली का?"

"म्हणजे तुम्ही ऐकत होता?"

"पकडीपासून," ती म्हणाली. तिने टोपाखाली दोन बोटं घातली, घड्याळाचा पट्टा सोडवला आणि साहेबांचा हात बाहेर काढला. तीन सेकंदांचं काम.

दारात बायको उभी होती, केस विस्कटलेले. मागून सासूबाई "आले, आले" म्हणत येत होत्या.

"किती वेळ असे उभे होता?" बायकोने विचारलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "दीड तास."

"आणि हाक नाही मारलीत?"

"तू झोपली होतीस."

तिने त्यांचा लालभडक हात हातात घेतला, मनगटावर हलकेच फुंकर घातली. डोळ्यांत जरा पाणीही आलं असावं. साहेबांना वाटलं, आजवरची सगळी वेळापत्रकं माफ झाली. मग ती वनरक्षक बाईकडे वळली.

"ताई, ही पेटी विकत मिळते का कुठे?"

"का हो? तुमच्या घरी अस्वलं येतात?"

"अस्वलं नाही," बायको म्हणाली, "रविवार येतात."