बसवंतअप्पांचा कापूस

साहेबांची पाठ वळली की बसवंतअप्पा त्यांच्याबद्दलही एकेरीत बोलत. संगणकाला मात्र ‘अहो’ म्हणत. ‘ते तापलेत, त्यांना जरा निवांत बसू द्या,’ असं त्यांनी म्हटलं की नवखा माणूस खोलीत साहेब शोधायचा.

अप्पा परभणीला आमच्या शेतीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. नव्वदच्या आसपास तिथं संगणक आला. त्यात कापसाचे रोग ओळखायची सोय होती. यंत्र पिकाबद्दल एकेक प्रश्न विचारायचं आणि शेवटी डॉक्टरासारखं रोगाचं नाव, औषध सांगायचं. प्रश्न इंग्रजीत, मी ते मराठीत विचारून उत्तराचं बटण दाबायचो. ताडकळसच्या एका शेतकऱ्यानं रोगट पान थेट पडद्यासमोर धरलं. यंत्राला दिसत नाही हे त्याला काही पटेना.

शेतकरी प्रश्नांना कंटाळत. अप्पांना प्रश्नच आवडत. कचेरी सुटायच्या वेळेला ते चपला बाहेर काढून यायचे आणि वालूरच्या आपल्या कापसाचं दुखणं काढायचे. पानं पिवळी पडलीत का, एवढं विचारलं की सुरू. पिवळी, पण हळदीवानी न्हाईत, जुन्या धोतरावानी. ती बी लिंबाकडच्या बांधाला. मी ‘हो’ दाबायचो. अप्पांचा चेहरा उतरायचा.

‘एवढं सांगितलं, अन् तुमी एकच दाबलं?’

रोगाचं नाव आलं की ते समाधानानं उठायचे. औषध विचारायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा रोग.

हे सगळं यंत्रात साठत गेलं. एके दिवशी साहेबांनी ते पाहिलं आणि हादरलेच. वालूरला कापसावर साथ आली म्हणून त्यांनी मला तातडीनं पाहणीला धाडलं.

अप्पांच्या शेतात ज्वारी उभी होती. शेत कसणाऱ्या पुतण्यानं सांगितलं, काका इकडं फिरकतच नाहीत. काकू होत्या तोवर कापूस असायचा. सगळं त्याच बघायच्या. काका सुट्टीला आले की त्यांना ओट्यावर बसवून आठवड्याचं सगळं विचारायच्या.

‘काकू गेल्या, अन् काकांचं बोलणंच सरलं बघा,’ पुतण्या म्हणाला.

अप्पा गप्प असतात, हे मला नवीनच होतं.

साथ-बीथ काही नाही, शेतात ज्वारी आहे, एवढंच मी साहेबांना सांगितलं. संध्याकाळी अप्पा आले, खुर्चीत बसले. मी पडद्याकडे न बघताच विचारलं, ‘अप्पा, आज जेवायला काय केलं होतं?’

ते पुढं वाकले, पडदा निरखू लागले.

‘हे त्यांनी इचारलं?’

‘नाही. मीच विचारतोय.’

अप्पांनी खुर्ची माझ्या बाजूला वळवली.

‘भाकर करपली सकाळी,’ ते म्हणाले. ‘वरण बरं झालतं.’