बीर अम्मारचा बेकायदा रहिवासी

बीर अम्मार, म्हणजे अम्मारची विहीर, या गावाला नगरपालिका मिळाली आणि त्यानंतर गावात पहिला मृत्यू झाला तो खुद्द अम्मारचाच. प्रशासनाच्या दृष्टीनं ही गोष्ट गैरसोयीची होती.

हाज अम्मारनं तरुणपणी या वाळूत पाणी शोधलं, विहीर खणली, मागून आलेल्यांना जमीन वाटून दिली. टेकडी तेवढी सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. "मला तिथंच पुरा," तो मुलीला, मबारकाला, सांगायचा. "विहिरीवर डोळा राहील."

पहाटे तो गेला. सूर्य मावळायच्या आत माती द्यायला हवी, म्हणून मबारका तडक नगरपालिकेत गेली. शेजारचे सी लझहर तिला पाहून उठले, डोळे पुसले, आणि पुन्हा खुर्चीत बसताच नगराध्यक्ष झाले.

"टेकडी आता संस्थापक उद्यान आहे, पोरी. तिथं दफनाला मनाई आहे."

"संस्थापक कोण?"

"तुझेच वडील. अल्ला त्यांच्यावर दया करो."

"मग?"

"उद्यान त्यांच्या स्मृतीला दिलंय. त्यांना नाही. शिवाय दफनाचा हक्क फक्त रहिवाशांना. ते आले तेव्हा गावच नव्हतं. नसलेल्या गावात कोणी राहायला कसं येईल?"

"काका, तुम्ही आलात तेव्हा पहिलं पाणी कोणी पाजलं?"

"त्यांनीच. विनापरवाना. आम्ही तो विषय वाढवला नाही."

दुपारी रीतीप्रमाणे मबारकाच्या घरी चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी कुसकुसच्या पराती आणल्या. सगळ्यात मोठी परात सी लझहरांची. नगरपालिकेचे सगळे सदस्य भिंतीला टेकून बसले आणि मनापासून रडले.

"घास उतरतोय ना, काका?"

"मार टोमणे, मार. नाही म्हणाली ती नगरपालिका. शेजारी म्हणून माझं काळीज फाटतंय."

"मग शेजाऱ्यालाच विचारते. खांदा देणार का?"

एक वयस्कर सदस्य पुटपुटला, "कार्यालय असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला बंद होतं."

सगळ्यांनी दारातून ऊन कुठवर आलंय ते पाहिलं.

कार्यालयाला कुलूप लागलं आणि जनाजा निघाला. टेकडीवर पहिली कुदळ सी लझहरांनी मारली. बायका कबरीवर जात नाहीत. मबारका उंबऱ्यात उभी राहून टेकडीवरची धूळ बघत राहिली. धूळ बसली, मग सूर्यही.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची तातडीची सभा भरली. अज्ञात इसमांनी उद्यानात एका बिगर-रहिवाशाला पुरल्याचा तीव्र निषेध झाला. कोणी काही पाहिलं होतं का? कोणीही नाही. निषेध करता करता सदस्य नखांतली माती काढत होते.

कबरीच्या या अतिक्रमणामुळे उद्यानातली संस्थापकाच्या स्मारकाची जागा अडली होती. म्हणून विहीर बुजवून स्मारक तिथं उभारायचं एकमतानं ठरलं. निमंत्रण द्यायला सी लझहर स्वतः मबारकाकडे आले.

"पडदा तूच उघडायचास."

"आणि पाणी?"

"नळ मंजूर झालाय," ते म्हणाले. "त्यांची इच्छा होती ना, विहिरीवर डोळा राहावा? आता सगळ्या गावाचा राहील."

समारंभ पुढच्या जुम्म्याला आहे. तुम्हीही या. टाळ्या वाजवायला रहिवासी असावं लागत नाही.