पीडित हवी, गुन्हा नको

ग्वाल्हेरातल्या हरिशंकरपुरम कॉलनीच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या मंदाताईंची मोहनमाळ चोरीला गेली, ही घटना कॉलनीच्या दृष्टीनं अत्यंत गैरसोयीच्या वेळी घडली.

माळ सासूबाईंची. लेकीच्या, गरिमाच्या, लग्नात तिच्या गळ्यात घालायची म्हणून मंदाताई सोमवारी सकाळी ती सराफाकडे उजळायला घेऊन निघाल्या. पर्समध्ये ठेवणार होत्या, पण त्या गल्लीत पर्स ओढून नेतात हे सगळ्यांनाच माहीत. म्हणून शहाणपणा करून गळ्यात घातली आणि वरून पदर लपेटला. पांढऱ्या स्कूटरवरचा एक जण थांबला, "आंटी, जरा पता बताइए," म्हणाला, आणि पत्ता न ऐकताच माळ घेऊन गेला. भुवईवर कापल्याची खूण, पुढचा दात अर्धा. मेल्याचा चेहरा मंदाताई जन्मात विसरणार नव्हत्या. मान सोलवटली होती, पण जीव तळमळत होता तो माळेसाठी.

ठाण्यातल्या हवालदारानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. फक्त तक्रार घेतली नाही. "माताजी, अब सीधे रपट नहीं लिखते. पहले समिती से लिखवा लाइए."

ही समिती म्हणजे काय, ते सांगायला हवं. पोलीस तक्रारी नोंदवत नाहीत अशी ओरड झाली, तेव्हा पोलिसांवर देखरेख ठेवायला कॉलनीतल्या प्रतिष्ठितांची समिती नेमली गेली. समितीनं कसून देखरेख केली. तक्रारी फार येतात म्हणूनच पोलिसांना त्या नोंदवणं जमत नाही, असं तिच्या ध्यानात आलं. मग तक्रारी आधी समितीकडे याव्यात असं ठरलं. पूर्वी लोकांना परत पाठवायचं काम पोलीस बिचारे एकटेच करत. आता त्यात लोकसहभाग आला.

अध्यक्ष जयसिंहराव. त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले, हे ते प्रत्येक नव्या टीआयला, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखाला, पहिल्याच भेटीत सांगत. तो घोडा सोडला तर घराण्यात पुढे कुणी फारसं हललेलं नव्हतं. सचिव रमाकांत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुहूर्त काढायचं काम, त्यामुळे पंचांग पाहिल्याशिवाय ते बैठकीचा चहासुद्धा पीत नसत.

जयसिंहरावांच्या दिवाणखान्यात बैठक बसली. टीआय साहेबांच्या पुढ्यात चिवडा होता.

"वहिनी, दुःख आम्हालाही आहे," जयसिंहराव म्हणाले. "पण रविवारी आपल्या कॉलनीला 'अपराधमुक्त वसाहत' म्हणून पाटी लागायची आहे. मोठे साहेब येणार आहेत. मंडप सांगून झालाय. आता गुन्हा घडला म्हणजे काय? शोभतं का?"

"मी नाही घडवला," मंदाताई म्हणाल्या. "त्याच्या भुवईवर खूण आहे. दात..."

"ते नंतर. किती वाजता निघालात?" रमाकांतांनी चष्मा चढवला.

"आठच्या सुमाराला."

रमाकांतांनी पंचांगाचं पान उलटलं आणि खोल श्वास सोडला. "सोमवारी त्या वेळी राहुकाळ असतो. राहुकाळात सोनं घेऊन उंबरठा ओलांडलात, मंदाताई?"

टीआय साहेबांनी चिवडा खाली ठेवला. नोकरीत इतका भक्कम पुरावा त्यांना आजवर कुणी दिला नव्हता. "पंडितजी, ये लिखित में दे दीजिए," ते म्हणाले. "मग हा अपराध नाही. ही लापरवाही आहे."

विषय तिथंच मिटला असता, पण अडचण दुसरीच निघाली. त्याच रविवारी, त्याच साहेबांच्या हस्ते, 'पीडित सहायता कक्षा'चंही उद्घाटन होतं. कॉलनी अपराधमुक्त, मग पीडित आणायचा कुठून? शहरातल्याच हजीरा वस्तीतून मागवावा अशी सूचना आली. पण बाहेरचा पीडित आणायचा म्हणजे आपल्या माणसांवर अन्याय, असं जयसिंहरावांना प्रामाणिकपणे वाटलं. सगळ्यांच्या नजरा मंदाताईंकडे वळल्या. गुन्हा नको होता, पण पीडित तर हवीच होती. मग ठराव झाला, की मंदाताई या स्वतःच्याच हलगर्जीपणाच्या पीडित आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात. इथं फाशीबरोबर शाल-श्रीफळही होतं.

"आणि माझी माळ?" मंदाताईंनी विचारलं.

"आप सहयोग कीजिए," टीआय साहेब हळूच म्हणाले. "आम्ही अनौपचारिकरीत्या शोधू."

त्या एका शब्दावर मंदाताईंनी मान डोलावली. लग्न तोंडावर आलं होतं. करणार काय बाई?

घरी गरिमा भडकली. "आई, तू हो कशी म्हणालीस? हद है यार! त्यानं तुझा गळा ओढला आणि तू माफी मागणार?"

"माफी नाही गं. सत्कार आहे."

रविवारी पाटी लागली, कक्ष उघडला. मंदाताईंना शाल मिळाली. सोललेली मान त्या शालीत छान झाकली गेली, फोटोही चांगला आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे त्या ठाण्यात माळेची चौकशी करायला गेल्या, तेव्हा टीआय साहेबांना खरोखर वाईट वाटलं. जे चोरीलाच गेलेलं नाही ते शोधायचं कसं, हे त्यांनी मंदाताईंनाच विचारलं. गरिमाचं लग्न टोपी बाजारातल्या खोट्या माळेवर उरकलं. माळ खोटी आहे हे सासरच्यांना कळलं, आणि ते कळल्याचं त्यांनी गरिमाला कळू दिलं. त्या रात्री मंदाताई उशीत तोंड खुपसून रडल्या.

समितीला मात्र त्यांच्याबद्दल आदर होता. 'अनुभवी पीडित' म्हणून सहायता कक्षाची खुर्ची त्यांनाच मिळाली. टेबल, पंखा, पाण्याचा माठ, आणि लोक येता-जाता नमस्कार करू लागले. खोटं कशाला बोला, बरं वाटायचं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी कॉलनीतल्याच सुधाताई धापा टाकत कक्षात आल्या. मान रक्तानं माखलेली. "मंदाताई, माझं मंगळसूत्र! पांढऱ्या स्कूटरवर होता हो. भुवईवर अशी खूण, दात तुटका..."

मंदाताईंनी ओळखलं. तोच तो. 'मी ओळखते त्याला,' एवढं म्हणायचं होतं. पण म्हटलं की आपली माळही चोरीलाच गेली होती असं होणार. पाटी उतरणार, शाल परत, खुर्ची परत. त्यांनी माठातलं गार पाणी सुधाताईंच्या हातात दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं विचारलं, "पण सुधाताई, एवढं घालून एकट्या निघालातच कशाला?"

सुधाताई म्हणाल्या, "इथं येण्याआधी शेजारी गेले होते. त्यांनीही हेच विचारलं."

शेजारचे म्हणजे नक्की कोण, याची नोंद कक्षात नाही. तुम्ही त्या सकाळी घरीच होतात ना?